दर्यापूरच्या गौरीचं मशीन

माझ्या दुकानात पहिलं खोटं नेहमी गिऱ्हाईक बोलतं, आणि गेली अठ्ठावीस वर्षं ते खोटं एकच आहे: "अभ्यासासाठी पाहिजे." बाप हे सांगत असतो तेव्हा शेजारी उभे असलेले चिरंजीव छताकडे बघत असतात. बाप फोन आला म्हणून बाहेर गेला की चिरंजीव काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "मॅडम, ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकता?" अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बारावीचं फिजिक्स त्याच्याशिवायही नापास होता येतं. पण मी गप्प बसते, कारण बापाला ते खोटं ऐकायचं असतं आणि मला मशीन विकायचं असतं.

मी कॉम्प्युटर जोडून देते. आधी अकोल्यात एका डीलरकडे नोकरी केली, मग अमरावतीत राजकमल चौकाच्या अलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. संपादकांनी 'व्यवसायातले अनुभव' मागितलेत, तेव्हा मी कुठे शिकले आणि शटर कोणाच्या हस्ते उघडलं हे सांगत बसत नाही. एवढंच सांगते की अजूनही दुकानात शिरणारा दर तिसरा माणूस मला बघून विचारतो, "भाऊ नाहीत का? इंजिनिअर कधी येतील?" मी म्हणते, येतील, बसा. मग त्याच्याच देखत मशीन उघडून बिघाड काढून देते. तरी जाताना काही जण म्हणतात, एकदा भाऊंनाही दाखवून घ्या.

तर या धंद्यात मला राग फार येतो. रागाची कारणं समजायला आधी मशीन समजलं पाहिजे, म्हणून थोडक्यात सांगते.

कॉम्प्युटर तयार डब्यात मिळतो तसा सुटे भाग घेऊन जोडूनही मिळतो. जोडलेला स्वस्त पडतो आणि पुढे वाढवता येतो. त्यात गेमिंगचं मशीन म्हणजे वेगळं काही नसतं, फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे याची अक्कल वेगळी. खेळताना पडद्यावर दर सेकंदाला साठेक चित्रं नव्याने काढावी लागतात. ते काम ग्राफिक्स कार्ड करतं आणि करताना तव्यासारखं तापतं. म्हणून बजेटचा जवळजवळ अर्धा वाटा त्या एका कार्डात जातो. उरलेल्या अर्ध्यात प्रोसेसर, बोर्ड, मेमरी, डिस्क, पॉवर सप्लाय आणि डबा बसवायचा. मॉनिटर मी एखाद्या बंद झालेल्या ऑफिसातला जुना शोधते, माउस मात्र चांगला देते, आणि पॉवर सप्लायमध्ये एक रुपया कमी करू देत नाही. घराला जोतं तसा मशीनला पॉवर सप्लाय. तो दिसत नाही, म्हणून सगळी चोरी तिथेच होते.

चोरी कशी होते तेही सांगते. तीनेक वर्षांपूर्वी अकोल्याचे एक वकीलसाहेब मुलासाठी घेतलेला कॉम्प्युटर गाडीत घालून माझ्याकडे आले. तिथल्याच एका दुकानातून घेतला होता. काचेचा डबा, आत सात रंगांचे दिवे, पंख्यांना दिवे, मेमरीलाही दिवे. मी वायर लावली तर दुकानात गणपतीची आरास झाली. "दिसतं लय मस्त," वकीलसाहेब म्हणाले, "पण गेम लावला की बंद पडते." मी उघडलं. प्रोसेसर बारा वर्षांपूर्वीचा, कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून काढलेला, पण नंबर मोठा असल्यामुळे तोच बिलात ठळक लिहिलेला. ग्राफिक्स कार्ड दोन-तीन वर्षं रात्रंदिवस राबवून चोथा झालेलं, वरचा पंखा तेवढा नवा. पॉवर सप्लायवर साडेपाचशे वॉट छापलेले. मी तो वकीलसाहेबांच्या हातात दिला. मुरमुऱ्याच्या पिशवीइतका हलका. आत तांब्याच्या जागी हवा भरलेली होती.

मला वाटलं, बरं झालं, शेवटी एका वकिलाला फसवलं. आता त्या दुकानदाराची खैर नाही. मी लेखी लिहून द्यायला तयार झाले, फोटो काढून दिले, ग्राहक मंचात साक्षीला येते म्हणाले. वकीलसाहेब बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "ताई, अख्ख्या बाररूममध्ये बोभाटा होईल ना, की याले दिवे दाखवून गंडवलं." तक्रार केली नाही. तो दुकानदार आजही दिवे विकतो आहे. अशी माणसं पाहिली की वाटतं, फसवणारा एक पाप करतो आणि लाजेने गप्प बसणारा त्याला पुढची दहा करू देतो. हे मी दुसऱ्यांबद्दल फार ठणकावून बोलायची. गेल्या उन्हाळ्यापासून जरा हळू बोलते.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर दर्यापूरहून एक गुरुजी आले. धोतर, वर स्वेटर, खांद्याला पिशवी. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं, असं पौरोहित्य करतात. बरोबर अकरावीतली मुलगी, गौरी. मी मनातल्या मनात 'अभ्यासासाठी' ऐकायला तयार होऊन बसले होते. गुरुजी खुर्चीत टेकले आणि सरळ म्हणाले, "ताई, पोरीले गेम खेळाचा कम्प्युटर पाहिजे."

मला खरंच वाटेना. मी विचारलं, म्हणजे अभ्यासालाही लागेल ना? गुरुजी म्हणाले, "अभ्यास थे वहीत करते."

गौरी दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला मामाकडे गेली होती. मामेभावाच्या मशीनवर पाच जणांच्या टीमचा एक नेमबाजीचा खेळ खेळायला लागली आणि तिचा हात असा बसला की मामेभाऊ मशीन सोडून तिच्या मागे उभा राहून बघायचा. त्यानेच तिला एका टीमच्या चाचणीत खेळवलं. टीमची कॅप्टन पुण्यातली मुलगी, बाकीच्या तिघी तीन गावच्या, सगळ्या घरूनच खेळणार. मे महिन्यात राज्यभरच्या टीमची स्पर्धा होती. गौरीची निवड झाली, पण अट एकच: स्वतःचं मशीन पाहिजे.

"मले त्यातलं काई समजत नाई," गुरुजी म्हणाले. "पन अकोल्याहून आली तेव्हापासून पोरगी ताठ चालून राहिली. आधी मान खाली घालून चालायची."

त्या एका वाक्यावर मी ते मशीन नफा न ठेवता करायचं ठरवलं. तसं बोलले नाही. धंद्यात असं बोलून दाखवलं की गिऱ्हाईकाला संशय येतो.

बजेट चाळीस हजारांचं. गौरीने वहीच्या पानावर यादी करून आणली होती आणि यादी चांगली होती. दोन ठिकाणी तिचं चुकलं होतं, एका ठिकाणी माझं. मेमरीची एक मोठी पट्टी टाकण्यापेक्षा दोन छोट्या टाकल्या तर खेळाला जास्त उपयोगी, हे मला माहीत होतं, पण दुकानात मोठ्या पट्ट्या पडून होत्या म्हणून मी तीच सुचवत होते. तिने ते पकडलं. डबा निवडताना मी दिव्यांचा दाखवला, कारण मुलं तोच मागतात. ती म्हणाली, "लाइट पाहाचे नाई मले, खेळाचं हाये." मला ती पोरगी तिथेच आवडली.

दोन तासांत मशीन जोडलं, तपासलं. मी विचारलं, गुरुजी, मुहूर्त बघून सुरू करायचं का? ते म्हणाले, "सव्वाचारची गाडी हाये. थोच मुहूर्त." निघताना मी नेहमीची सूचना दिली. अठ्ठावीस वर्षं हजारो लोकांना दिली असेल. "गुरुजी, मशीनला थंड ठेवा. उन्हाळ्यात विशेष. हवा खेळती पाहिजे. तापलं की बिघडलं समजा." गुरुजींनी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. थंड ठेवाचं, हवा खेळती पाहिजे. मला कौतुक वाटलं, कारण कोणी इतकं लक्ष देऊन ऐकत नाही.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मशीन उत्तम चाललं. स्पर्धा सुरू झाल्यावर गुरुजींचा एकदा फोनही आला की पोरीची टीम जिंकून राहिली. मे महिन्यातल्या एका गुरुवारी भर दुपारी बापलेक दुकानात उभे राहिले. मशीन जुन्या धोतरात बांधलेलं, एसटीतून मांडीवर आणलेलं. बंद पडलं होतं. रविवारी सेमीफायनल होती.

मी झाकण उघडलं. बोर्डावर पांढरी भुकटी, जोडांच्या जागी हिरवा गंज. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलं आहे आणि त्याचा अर्थ एकच असतो: आत पाणी गेलंय. आता आमच्या धंद्यातली दुसरी गंमत सांगते. चहा सांडलेला माणूस चहा सांडला असं कधीच म्हणत नाही. "आपोआप बंद पडलं" म्हणतो. बोर्डाला वेलदोड्याचा वास येत असतो तरी आपोआपच बंद पडलेलं असतं. एकाने माठच उलटा केला होता, त्याचंही आपोआपच बंद पडलं होतं. या सगळ्यांवर चिडून चिडून मी एक नियम करून टाकला होता. जो खरं सांगेल त्याचं मशीन आधी, खोटं बोलेल त्याचं रांगेत शेवटी. मला या नियमाचा मोठा अभिमान होता.

मी गौरीकडे बघून विचारलं, काय सांडलं?

"काईच नाई सांडलं."

"खेळताना पाण्याची बाटली ठेवतेस ना टेबलावर?"

"ठेवते. पन खाली ठेवते, जमिनीवर. नाई सांडलं मॅडम."

मी हसले. ते हसू मला आजही आठवतं आणि लाज वाटते. मोठ्या माणसाचं, सगळं माहीत असलेलं हसू. गौरीचा चेहरा पडला. "तुमाले खोटं वाटून राहिलं," ती म्हणाली. गुरुजी मधे बोलले की पोरगी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, गुरुजी, सगळ्यांचीच मुलं खरी बोलतात, पाणी आपलं आपण चालत आत जातं. गौरीने निघताना पुन्हा सांगितलं, रविवारी मॅच आहे, अकरा वाजता. मी म्हटलं, बघू.

आणि मी ते मशीन रांगेत शेवटी ठेवलं. टेबलाखाली. एका क्लासवाल्याची बारा मशीनं द्यायची होती, ती करत बसले. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी गुरुजींचा फोन आला. मी सांगितलं की भाग कंपनीकडे पाठवलाय, वाट बघतेय. कुठे पाठवला होता? माझ्या पायाशी पडला होता. त्या अख्ख्या आठवड्यात माझ्या दुकानात एकच माणूस खोटं बोलला, आणि तो काउंटरच्या आतल्या बाजूला बसला होता.

लक्षात घ्या, माझ्याकडे शोकेसमधल्या मशीनमध्ये गौरीच्यासारखंच ग्राफिक्स कार्ड लावलेलं होतं. तिचा बोर्ड धुऊन, हे कार्ड काढून तिच्या मशीनला बसवायला मला दोनेक तास लागले असते. शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने गुरुजी ते घेऊन गेले असते. मला सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. पण नियम म्हणजे नियम.

सोमवारी मी ते मशीन घेतलं. बोर्ड स्पिरिटने धुतला, ब्रशने घासला, वाळवला. बोर्ड जिवंत झाला. ग्राफिक्स कार्ड मेलेलं होतं. कार्ड नवीन, तीन वर्षांच्या वॉरंटीतलं. मंगळवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः नागपूरला सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथे एसी खोलीत एक पोरगेला माणूस भिंग घेऊन बसला होता. त्याने कार्ड भिंगाखाली धरलं, दहा सेकंदांत खाली ठेवलं आणि म्हणाला, लिक्विड डॅमेज, कस्टमरची चूक, वॉरंटीत बसत नाही. मला संताप आला. मी त्याच्याशी भांडायला लागले. म्हटलं, नीट बघ. पाणी सांडलं असतं तर ओघळ दिसला असता, एका बाजूला डाग पडला असता. हा थर सगळीकडे सारखा आहे. पंख्याच्या पात्यांवर आहे, कार्डाच्या खालच्या बाजूलाही आहे. खालच्या बाजूला सांडेल कसं? हे सांडलेलं नाही, हे हवेतून आलंय.

हे मीच बोलत होते, आणि बोलता बोलता मलाच ऐकू आलं. गुरुवारी माझ्या दुकानात हाच थर माझ्या डोळ्यांपुढे होता. एवढं सगळं मला तेव्हाही दिसू शकत होतं. मी बोर्डाकडे बघण्याऐवजी पोरीच्या तोंडाकडे बघितलं होतं.

भिंगवाला हसला. "मॅडम," तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

नागपूर ते अमरावती तीन तास मी खिडकीला डोकं लावून बसले होते. मला तिशीतल्या स्वतःची आठवण येत होती. अकोल्याच्या त्या डीलरकडे एकदा एक बोर्ड जळाला. मी हात लावला नव्हता. मालकाने सगळ्यांदेखत मला विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर तो असाच हसला होता. तेव्हा मी ठरवलं होतं की माझं दुकान झालं की तिथे कोणाला असं हसणार नाही.

बुधवारी शोकेसमधलं कार्ड काढलं, गौरीच्या मशीनला बसवलं आणि रिक्षाने बस स्टँड गाठला. ऊन म्हणजे काय विचारता. दर्यापूरला उतरले तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गुरुजींचं घर तीन खोल्यांचं, वर स्लॅब. मधल्या खोलीत गुरुजी, त्यांच्या सौभाग्यवती आणि गौरी, तिघं ओले टॉवेल खांद्यावर टाकून बसले होते. वर पंखा गरम हवा फेकत होता. मी म्हटलं, वहिनी, कूलर बिघडला की काय? त्या म्हणाल्या, "नाई हो. थो कम्प्युटरच्या खोलीत हाये."

मी आतल्या खोलीत गेले. खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर. त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर कॉम्प्युटरचं टेबल. डब्याचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, हवा सरळ आत शिरावी म्हणून. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा खार जमलेला, बोटाने निघेल इतका जाड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर्यापूर, अकोला हा सगळा पूर्णेकाठचा पट्टा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारट. नळाचं गोड पाणी प्यायला पुरतं, कूलरमध्ये ओततात ते बोअरचं खारं. कूलर त्या पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर फेकतो. माणसाच्या अंगावर आलं तर आंघोळीत निघून जातं. तापलेल्या बोर्डावर आलं तर पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. दिवसभर, महिनाभर, थरावर थर.

आणि एवढ्या उन्हात माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "हा शहाणपणा कोणाचा?"

गुरुजी दारात उभे होते. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुमचाच. तुमी म्हनलं होतं, थंड ठेवा, हवा खेळती पाहिजे. आमच्या घरी थंड कराले कूलर एकच हाये. त्याले देला. आमी इकडं बसून राहिलो."

वहिनींनी माठातलं पाणी आणून दिलं. गुरुजी मला वर्गात समजावून सांगावं तसं सांगायला लागले. "ताई, पूजेत आमी यजमानाले कधी नुसतं 'पानी सोडा' म्हनत नाई. 'पळीभर पानी ताम्हनात सोडा' म्हनतो. किती, कशानं, कुठं, तिन्ही सांगाचं. नाई सांगतलं तं एखादा तांब्याच उपडा करते. मंग ओलं झालेलं घर पाहून यजमानाले हसाचं नाई. चूक सांगनाऱ्याची असते."

हे वाचून कोणी म्हणेल की चला, धडा शिकली, विषय संपला. पण माझा राग संपलेला नाही आणि तो फक्त माझ्यावरचा नाही. त्या कार्डाच्या डब्यात माहितीपुस्तिका असते. एकोणीस भाषांत. त्यात मराठी नाही, हिंदी नाही. त्यात लिहिलंय की मशीन बर्फाच्छादित प्रदेशात वापरताना काय काळजी घ्यावी. बर्फ! विदर्भात चार महिने घरोघरी कूलर चालतो, त्याबद्दल अक्षर नाही. कार्ड आमच्या गावात विकायला चालतं, आमच्या पोरांचे पैसे चालतात, पण आमचा उन्हाळा त्यांच्या हिशेबी नाही, आणि तो कार्डावर दिसला की तो 'कस्टमरची चूक'. मी कंपनीला लिहिलं, फोटो पाठवले, ताट्यांवरचा खार पाठवला. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं. आणि आम्ही विकणारे? अमरावती-अकोल्याचे आम्ही सगळे दुकानदार याच मातीतले, घरी जाऊन त्याच कूलरसमोर झोपणारे. आमच्यापैकी एकालाही गिऱ्हाईकाला हे सांगायचं सुचलं नाही. मग दिवे विकणाऱ्या त्या अकोल्याच्या माणसाला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? त्याने निदान जे विकलं ते लखलखत तरी होतं.

असो. मी मशीन जोडून दिलं. टेबल कूलरपासून दूर, आतल्या भिंतीला लावलं, झाकण बसवलं, एक छोटा टेबलफॅन मागच्या बाजूने लावायला सांगितला, आणि या वेळी किती, कशानं, कुठं, तिन्ही सांगितलं. कूलर मधल्या खोलीत आणायला लावला. कार्डाचे पैसे घेणार नाही म्हटल्यावर गुरुजींनी आढेवेढे घेतले नाहीत. "चूक तुमची, तं भरपाई तुमची. बरोबर हाये," ते म्हणाले. मला उलट बरं वाटलं.

मग मी गौरीला म्हटलं, पुढच्या मॅचची तयारी कर आता. मशीन फर्स्टक्लास आहे.

तिने मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. टीमच्या ग्रुपवर कॅप्टनचा शनिवारी रात्रीचा मेसेज होता. गौरीच्या जागी नाशिकची दुसरी मुलगी घेतली आहे, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: 'सॉरी गौरी, पण तुमच्या तिकडे कशाचाच भरवसा नसतो. लाइट, नेट, मशीन. आम्ही रिस्क नाही घेऊ शकत.'

"हे मी काहून ऐकाचं?" गौरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "लाइट होती. नेट होतं. मी रोज सहा तास प्रॅक्टिस करून राहिली होती. पानी मी नाई सांडलं."

"नाही सांडलं तू," मी म्हणाले. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून मशीन तीन दिवस माझ्याकडे पडून राहिलं. शनिवारी ते तुला मिळू शकत होतं."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. शनिवारच्या फोनवर मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं असावं. तेही मी सांगून टाकलं. भाग कुठेच पाठवला नव्हता, टेबलाखाली होता. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटतं गुरुजींनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी गौरीकडून त्या कॅप्टनचा नंबर मागून घेतला. तिथेच जमिनीवर बसून मेसेज लिहिला. आयुष्यात इतका लांब मेसेज मी कधी लिहिला नव्हता. मी कोण, मशीन कोणी बनवलं, ते कशामुळे बिघडलं, दुकानात कोणी अडवून ठेवलं, खोटं कोण बोललं, सगळं लिहिलं. दर्यापूरमध्ये सगळं भरवशाचं होतं, फक्त मी नव्हते, असंही लिहिलं. गौरी खेळायला तयार होती, तिला पुन्हा घ्या, अशी विनंती केली. मग गौरीला वाचून दाखवला. तिने एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि म्हणाली, पाठवा.

उत्तर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं उत्तर, त्यात राग नव्हता, काही नव्हतं. गौरीने ते माझ्याआधी वाचलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि आपल्या आईला मदत करायला आत गेली.

'ओके आंटी. पण मॅच तर होऊन गेली ना.'